पिशवीवरची कलती अक्षरं

२ जाने. ९६
कॉम्प्युटर आला! घराच्या पुढच्या खोलीत, आमच्या प्रेसमध्ये, पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनशेजारी मांडला. अप्पांनी हळदकुंकू लावलं आणि लगेच अट घातली. पापनाशमच्या राइस मिलवाल्यांची लग्नाची ऑर्डर नीट निभली तर मी प्रेसमध्ये, नाहीतर बँकेची परीक्षा, फॉर्म भरलेलाच आहे. बँक नको. नको म्हणजे नको.

५ जाने.
इंग्रजी फॉण्टांत एक सापडला. प्रत्येक अक्षराच्या टोकांना चौकोनी जाड पट्टी, रेघ सगळीकडे सारखीच जाड, आणि तरी अख्खं अक्षर पुढे कललेलं. लाकडी खडावा घालून कोणी बस पकडायला पळावं तसं. एकटीच हसत बसले. सेलचं पोस्टर, सायकल दुकानाची पाटी, कुठेही चालेल हा. अप्पा म्हणाले, "पडेल हें. भिंतीला टेकून ठेव."

९ जाने.
मिलवाल्यांना पत्रिका पसंत. नाजूक वेलबुट्टीचं इंग्रजी अक्षर, अप्पांची निवड. आता तेच तांबुलाच्या, म्हणजे पाहुण्यांना निघताना नारळ-विडा घालून द्यायच्या पिवळ्या पिशव्यांवर. कापड खरखरीत आहे, रेघ तुटेल, म्हटलं मी. कोण ऐकतो! चडफडले.

१२ जाने.
पिशवीचा नमुना. नवरीचं, रेवतीचं, नाव गायब! जाड वळणं तेवढी उरली, बारीक रेघा कापडात विरल्या. अप्पांनी आपलं जुनं उभं, जाड पायांचं अक्षर लावलं. छापलं झकास. पण मिलवाल्यांचा चेहरा पडला. "ऐया, हे माझ्या तांदळाच्या पोत्यांवर असतंच. इथे मुलीचं लग्न आहे."
बरोबर बोलले. पाय तेच हवेत, पण चालायला हवेत! पोंगल झाल्यावर या, मीच सांगून टाकलं.

१३ जाने.
कलतं लावलं. रेवतीच्या ‘आर’चा पाय ऐटीत पुढे. अक्षरं जरा मोकळी ठेवली, नाहीतर पट्ट्या एकमेकींत अडकतात. एक रेघ तुटली नाही! अप्पा लांब उभे राहिले, चष्मा काढला. "वाचाला येते." मग जरा वेळाने, "कोठें तरी निघालीं हीं." जेवण गेलं नाही आनंदाने.

१८ जाने.
मिलवाल्यांबरोबर रेवतीही. पिशवी पाहून हसली. म्हणे, माझं नाव नवरदेवाच्या नावाला ढकलतंय. पसंत, पसंत, पसंत.

४ फेब्रु.
लग्नाहून परतताना अख्ख्या बसमध्ये आमच्या पिशव्या. नारळाने पोट फुगलं तरी नाव वाचता येत होतं. अप्पा सारखे मान वळवून बघत होते, मी बघितलं की खिडकीबाहेर.
घरी बँकेचं हॉल तिकीट आलेलं. अप्पांनी ते आमच्या पिशवीत टाकलं आणि पिशवी प्रेसमध्ये कॉम्प्युटरच्या वर भिंतीतल्या खिळ्याला अडकवली. परीक्षेला जाऊ का, विचारलं.
"उद्या सायकल दुकानवाला येतो. पाटी हवी त्याला," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.
हे ‘नको जाऊ’ आहे की काय आहे? पाटीचं मात्र आत्ताच डोक्यात आलंय, सगळी अक्षरं कलती, आणि... कॉम्प्युटर लावूनच बघते.