कोरड्या तलावातली शर्यत

माय, आज तलावात ट्रॅक्टरांच्या शर्यती आहेत, तुझा नातू त्यात उतरलाय, आणि मी गिरणीच्या दारात पाट टाकून तुला लिहायला बसलेय. दळणाला कुणी नाही. बायका डबे ठेवून सकाळीच पळाल्या, संध्याकाळी नेतो म्हणाल्या. दोन डबे दळले, तिसऱ्याला हात चालेना, पट्टा बंद केला. इथून तलाव दिसत नाही, मधे बांध आहे, पण भोंगा स्पष्ट ऐकू येतो. त्याच्यावर जो कुणी बोलतोय त्याला देवानं छाती बैलाची दिलीय. चकलांब्याचा ट्रॅक्टर आला की चकलांब्याचं कौतुक, गेवराईचा आला की गेवराईचं, मधेच कुणाची हरवलेली चप्पल, कुणाचं हरवलेलं पोर. माझ्या लेकाचा नंबर अजून आलेला नाही, म्हणून कान तिकडं आणि पेन इकडं. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे. तसंही तुला वाचता येत नव्हतं.

सकाळी भांडण झालं. पोरगा भाकरी खाता खाता म्हणाला, आई, येतीस का बघायला? मी म्हटलं, तू उलटा पडलेला बघायला मला वेळ नाही. असं बोलू नये, निदान अशा दिवशी तरी बोलू नये, पण माझ्या तोंडाला लगाम कधी होता? तो हसला. वर म्हणतो कसा, ‘मामा म्हणतो, आजी असती तर सगळ्यात पुढं बसली असती.’ ते मात्र लागलं, कारण ते खरं आहे. तू बसली असतीस. ज्या शर्यतीनं तुझ्या लेकाचा पाय नेला, ती बघायला तू त्यानंतरही जात राहिलीस, आणि ते मला अजून पचलेलं नाही. आज माझा लेक तिथं आहे आणि माझ्यानं उंबरा ओलांडवत नाही. तुझ्यानं कसं ओलांडवत होतं, एवढंच विचारायचं आहे.

तो दुष्काळ मी विसरीन म्हटलं तरी विसरत नाही. विहिरी तळाला गेल्या, तलाव आटून भेगाळला, आणि कारखान्यानं तलावाच्या पोटातच गुरांची छावणी काढली. गाळपाला ऊस नव्हता, जो थोडाफार होता तो छावणीत चाऱ्याला यायचा. बापू घर राखायला गावात, दादा कारखान्याच्या ट्रॅक्टरवर, आणि तू, मी, दोन बैल अन् गाय छावणीत. वर पाचटाचं छप्पर, खाली फुफाटा. सकाळी टँकरची वाट बघायची, दुपारी चाऱ्याची, आणि मग काही नसलं की नुसतीच वाट बघायची. मला वेड लागायची पाळी आली होती. माझ्या पायाला जन्मापासून भिंगरी, मी एका छपराखाली बसणार किती? मी उगाच गायीचं दावं सोडायची आणि दुसऱ्या खुंट्याला बांधायची. गायसुद्धा वैतागली होती.

शर्यती कुणी ठरवून सुरू केल्या नाहीत. चारा उतरवला की ड्रायव्हर लोक ट्रॉल्या सोडून ठेवायचे, आणि पुढं एवढा मोठा सपाट तळ मोकळा पडलेला. तलाव भरायच्या आधीची एक जुनी विहीर आटल्यावर उघडी पडली होती, तिला वळसा घालून बांधापाशी परत यायचं, एवढाच नियम. दिवस कलला की पहिलं इंजिन गुरगुरायचं आणि तू हातातलं शेण तसंच टाकून उठायचीस. घरात तुझा आवाज चुलीच्या पलीकडं कधी गेला नाही. बापू ओरडले तरी तू मान खाली घालून भाकरी थापायचीस. आणि इथं तू बैलगाडीच्या साटीवर चढायचीस, पदर कमरेला खोचायचीस, आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचीस की ड्रायव्हरसुद्धा मागं वळून बघायचे. ही विद्या तुला कुणी शिकवली, कुणास ठाऊक. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी तुझं लुगडं खाली ओढून म्हटलं, माय, उतर, लोक बघतेत.

‘लोक शर्यत बघतेत,’ तू म्हणालीस. ‘तू कावून लोकायला बघती?’

मी लुगडं सोडलं आणि राग डोक्यात घेऊन छपराखाली जाऊन बसले. त्याच संध्याकाळी गायीपुढं उसाचं वाढं टाकताना तू आपणहून बोललीस. तू आपणहून बोलायचीस ते वर्षातून एकदा, म्हणून शब्द न शब्द लक्षात आहे. ‘समदं थांबलंय बग. पाऊस थांबला, कारखाना थांबला, तुझं लगीन थांबलं. एक तरी चीज डोळ्यापुढं पळू दे की.’ माझं लग्न तू त्यात कशाला घातलंस ते तुझं तुला माहीत. मला काही ते पटलं नाही. दुसरा पळतोय आणि आपण उभे, त्यात कसलं आलंय सुख? बघणाऱ्याच्या वाट्याला तर नुसती धूळ. मला बस म्हणशील, पळ म्हणशील, एक काहीतरी म्हण. बसून पळणं बघ म्हणू नकोस.

माझ्यासारखा तिथं आणखी एकच होता, गेवराईहून ट्रॅक्टर दुरुस्तीला येणारा मिस्त्री चाचा. सगळी छावणी एकीकडं तोंड करून उभी आणि हा बाबा शर्यतीकडं पाठ करून बशीत चहा ओतायचा. मला वाटलं, चला, आपल्या जातीचं कुणीतरी भेटलं. मी विचारलं, चाचा, तुम्ही का बघत नाही? तर म्हणाला, ‘मेरेकू शर्यत दिखतीच नै, बेटी. नट ढीला हुआ वो दिखता.’ म्हणजे त्याला न आवडण्याचं कारण वेगळं आणि मला न आवडण्याचं वेगळं. तुझं आवडण्याचं कारण तरी एकच होतं का, देव जाणे.

दादा जिंकायला लागला तेव्हा मी म्हटलं, हं, आता कळलं. लेकाचं कौतुक, म्हणून ही साटीवर चढते. तेही खोटं निघालं. दादा हरला तरी तुझी शिट्टी तेवढीच मोठी असायची. आणि मग तो दिवस. शर्यत सुरू झाली आणि नेमका टँकर आल्याची हाळी उठली. टँकर आला की देवसुद्धा सोडून पळायचं असतं. तू घागर उचललीस आणि गेलीस. मी, जिनं कधी मान वर करून बघितलं नव्हतं, तिनं त्या दिवशी का कोण जाणे, बघितलं. विहिरीच्या वळणावर दादाचं मागचं चाक जुन्या शेतबांधाच्या दगडावर चढलं आणि ट्रॅक्टर सावकाश आडवा झाला. अगदी सावकाश, घाई नसल्यासारखा. दादा उडी मारायला उठला आणि पाय खाली राहिला. तू तिकडून घागर टाकून पळत येतेस, पदर कुठं, डोकं कुठं, आणि वाटेत भेटेल त्याला विचारतेस, कोण पडलं, कोण पडलं? तुला सांगायला कुणी थांबत नाही.

बीडच्या दवाखान्यात पाय राहिला, पण गुडघा गेला. आपण दादाला घेऊन गावी आलो. आणि प्लास्टर निघायच्या आत पुढची शर्यत लागली तेव्हा तू पुन्हा छावणीकडं निघालीस. गुरं बघून येते म्हणालीस. दादा खाटेवरून हसला. येताना माझ्यासाठी पुडीत गोडीशेव आणलीस. मी हात लावला नाही, दादानं खाल्ली. बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, लेकाचा पाय गेला तरी हिची हौस जाईना. मी त्यांच्याशी भांडून यायची आणि घरी येऊन तुझ्याशी अबोला धरायची.

विचारलं तुला एकदाच, लग्न होऊन दोन पोरं झाल्यावर, माझ्या ह्याच घरात. तू चुलीपुढं बसली होतीस, मी परातीत पीठ चाळत होते. तलाव त्या वर्षीही आटला होता आणि तू शर्यतीला जाऊन धुळीनं पांढरी होऊन आली होतीस. मी म्हटलं, माय, तुझं काळीज कशाचं आहे ग? तू तव्यावरची भाकरी उलटलीस, पाणी फिरवलंस, आणि म्हणालीस, ‘त्या दिशी तू बघितलं. तुला त्यो एकदाच पडलेला दिसला. मी पाठमोरी व्हते, मला नुसता आवाज आला. माझ्यापुढं त्यो रोज पडतो. कवा डाव्या अंगावर, कवा उजव्या.’

मला वाटलं, मिळालं उत्तर. म्हटलं, म्हणून जातेस होय, डोळ्यात तेल घालून राखण करायला? म्हणजे तुला आवडत नाही, जीव राहवत नाही म्हणून जातेस. असं असतं तर मी तिथल्या तिथं तुझ्या गळ्यात पडले असते, माय. तू माझ्याकडं बघितलंस, जरा हसलीस, आणि म्हणालीस, ‘न्हाई. आवडतं म्हणून जाती. खोटं कावून बोलू?’ झालं. मी चाळणी आपटली आणि बाहेर गेले. तू गेलीस ते पावसाचं साल होतं, तलाव काठोकाठ भरलेला, शर्यत कुठून असणार? पुन्हा बोलणं झालंच नाही.

आता परत तेच दिवस आलेत. कारखान्याचा भोंगा या वर्षी वाजलाच नाही, पोराचा ट्रॅक्टर एरवी दारातच उभा असतो, तलावात छावणी आहे. आणि दादा, एक पाय ताठ टाकत रोज संध्याकाळी येतो आणि माझ्याच स्वयंपाकघरात थाळीभोवती वाटी फिरवून भाच्याला वळण शिकवतो. मी म्हटलं, तुला लाज कशी नाही वाटत? म्हणाला, बये, पाय माझा गेला आणि राग तू धरून बसलीस, हा कुठला न्याय? दोघं खदाखदा हसले. मी थाळी उचलून घासायला नेली.

नंबर आला. भोंग्यावर माझ्या लेकाचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं. निघाले म्हणतोय. विहिरीकडं वळले म्हणतोय, आणि

आता परत येऊन लिहितेय. वळले म्हणाला आणि भोंगा बंद पडला. एकदम चिडीचूप. माय, मी पायात चप्पल घातली नाही, गिरणीचं दार लावलं नाही, तशीच पळाले. गिरणीपासून बांधापर्यंत माझा लेक मी किती वेळा पाडला, त्याची मोजदाद नाही. डाव्या अंगावर पाडला, उजव्या अंगावर पाडला, विहिरीतसुद्धा पाडला. तू म्हणत होतीस ते मला पन्नाशीत, काट्याकुट्यातून पळताना कळलं. तेवढं तुझं खरं होतं, मी कबूल करते. बांधावर चढले तर खाली सगळं जागच्या जागी. जनरेटरचं डिझेल संपलं म्हणे. दोन पोरं कॅन घेऊन उभी, भोंगेवाला नुसत्याच तोंडानं ओरडतोय, आणि विहिरीचं वळण संपवून दोन ट्रॅक्टर बांधाकडं येतायत. एक निळा, एक तांबडा. निळा पुढं, तांबडा त्याच्या चाकाला लागलेला. बाकीचे मागं धुळीत.

पोरगा आत्ताच हात धुऊन जेवायला बसला. दुसरा आला. तोंडभर धूळ, दात तेवढे पांढरे. म्हणाला, आई, तू आलतीस ना? मामानं तुला बांधावर बघितलं, तू लई ओरडत होतीस म्हणे. मी म्हटलं, आले होते बाबा, पण धुळीत काही दिसलं नाही. त्याला बरं वाटलं, आई आपल्यासाठी ओरडली म्हणून. त्यानं दुसरी भाकरी मागून घेतली. म्हणून हा कागद कुणाच्या हाती लागायला नको, आता चुलीतच घालते. तुला तेवढं सांगून ठेवते, माय. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. तांबडा इंचाइंचानं निळ्याला गाठत होता, आणि मी बांधावर अनवाणी उभी राहून, सगळा जीव एकवटून, तांबड्याला ओरडत होते, काढ, काढ, पुढं काढ. त्यानं काढला तेव्हा मी उड्या मारल्या. माझा लेक निळ्यावर होता.