मथुराबाईचं इंग्रजी पत्र

सोमवार, ५ फेब्रुवारी १९३४

एम.ए.च्या शोकांतिकेच्या पेपरासाठी निबंध लिहायला बसलो होतो — प्रेक्षकाच्या मनात करुणा कशी जागी होते. पहिलं वाक्य जमतंय न जमतंय तोच समोरची मथुराबाई दारात! गिरणीत कामाला असते. हातात टाईप केलेलं इंग्रजी पत्र. "मुंबईहून आलंय. एवडं वाचून दावा की."

तिचा नवरा कोंडीबा सात वर्षांमागे मुंबईला गेला तो फिरकलाच नाही. असेल काहीतरी कचेरीचं लचांड. "ठेवा, सवडीनं बघतो," म्हणालो, आणि पत्र पुस्तकात खुणेला घातलं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

मथुराबाई काल आली, आजही आली. "वाचलं का?" नाही — परीक्षा जवळ आलीय. "असू द्या, असू द्या."

ती गेल्यावर अव्वा म्हणाली, "एका कागदाला किती वेळ लागतो रे?" मी चिडलो. आई असली म्हणून काय झालं! या घरात एम.ए. म्हणजे काय ते कुणाला कळणार!

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

वाचलं. चारच ओळी. इस्पितळातून आलेलं. कोंडीबाची प्रकृती गंभीर आहे, नातेवाइकांनी ताबडतोब यावं.

चार दिवस पत्र माझ्यापाशी पडून होतं!

तसाच गिरणीच्या फाटकाशी पळालो. तिला बाहेर बोलावून घेतलं. म्हणालो, "कोंडीबाला बरं नाही. भेटायला बोलावलंय."

"लई घाईचं हाय का?"

"तसं काही लिहिलेलं नाही. पण आजच निघा."

खोटं. 'गंभीर' गिळलं, 'ताबडतोब' गिळलं. तिच्या भावाला बोलावून आणलं, दोघांना संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटताना तिनं मला हात जोडले.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

मथुराबाई परत आली. कपाळ मोकळं.

कोंडीबा गुरुवारीच गेला. ही पोचली शनिवारी सकाळी. तोवर त्याच्या चाळीतल्या लोकांनी सगळं उरकलं होतं. गुरुवारी पत्र माझ्या पुस्तकात होतं. त्या दिवशी दुपारी मी झोपलोसुद्धा होतो!

अव्वाबरोबर भेटायला गेलो. जमलेल्या बायकांना मथुराबाई सांगत होती, "बसूअण्णानं गाडीत बसवून दिलं म्हनून तरी ग्येले. न्हाईतर मला कोन हाय?" अव्वानं माझ्याकडे मोठ्या कौतुकानं पाहिलं. मला मान वर करवेना.

बुधवार, १४ फेब्रुवारी

नवी पेठेत आमच्या दुकानावर गेलो, तर आप्पा एका गिऱ्हाइकाला लुगडं उलगडून दाखवता दाखवता सांगत होते — "आमच्या बसवराजच्या इंग्रजीचा गल्लीला उपयोग झाला बघा."

उलट्या पावली घरी आलो.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

जेवण जात नाही. अव्वाला वाटतं, परीक्षेची धास्ती.

शनिवार, १७ फेब्रुवारी

निबंध पुरा केला. चांगला उतरलाय. तेच सहन होत नाही! करुणेवर आठ पानं लिहिली, आणि समोरच्या दारात बाई पत्र घेऊन उभी होती तेव्हा तिच्या तोंडाकडे मी पाहिलंसुद्धा नव्हतं. परीक्षक मार्क देतील. कशाचे?

तिला सांगायला हवं. तिनं शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. आप्पांपर्यंत गेलं तरी जावो.

रविवार, १८ फेब्रुवारी

सांगितलं. काही लपवलं नाही — गंभीर, ताबडतोब, सगळं.

मथुराबाई म्हणाली, "मला ठावं व्हतं. टपालातल्या कारकुनानं सोमवारीच वाचून दावलं. त्यो सात वर्सं तिकडं दुसरीसंगं ऱ्हायला. जावं का न्हाय, मला ठरंना. म्हनून पत्र तुमच्याकडं दिलं. तुमी 'वाचलं न्हाय' म्हनला की बरं वाटायचं."

मी उठलो. ती दारापर्यंत आली.

"अण्णा, कुनाला बोलू नका."