दाराच्या पाठीवरचा आकडा

मी, फर्निचरला रंग मारण्यात चाळीस वर्षं घालवलेला, वय अडुसष्ट, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, फुप्फुसांची खात्री देत नाही. एका जागी बसवत नाही, म्हणून मृत्युपत्राचा हा तिसरा कागद. आधीचे दोन रद्द समजावेत.

१. राहतं घर बायकोचं. माझी खुर्ची तिने खुशाल फेकावी. लग्न झाल्यापासून तेच म्हणते आहे.

२. रंग फवारायचं एअरलेस मशीन धाकट्या भावाला. त्या मशीनने फाटकं, भिंती झपाट्याने होतात, कपाटावर मात्र रंग ओघळतो. भावाचंही तसंच, सगळी घाई. त्याला वर्कशॉप हवंय. मिळणार नाही.

३. वर्कशॉप आणि कॉम्प्रेसर मुलीला. कारण सांगतो. मध्ये दोनदा उठून फेऱ्या मारल्या, तरी सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही रंग फवारायच्या तीन गन ताडून पाहिल्या. एकाच कपाटाची तीन दारं. भावाने एक एअरलेसने रंगवलं, मी माझ्या जास्त दाबाच्या गनने, मुलीने नव्या, कमी दाबाच्या गनने. मी हसलो होतो, "बाई, एवढ्याशा दाबात रंग बाहेर तरी पडेल का?" दारांच्या पाठीवर पेन्सिलीने ज्याचे त्याचे आकडे घातले. निवाडा गिऱ्हाइकाचा.

दोघं जेवायला गेली तेव्हा मी दारं पाहिली. तिचं आरशासारखं, माझं संत्र्याच्या सालीसारखं. मी तिचा आणि माझा आकडा खोडून अदलाबदल केली. गिऱ्हाइकाने तिचं दार निवडलं, शाबासकी मला मिळाली. मुलगी त्या दाराकडे बघत राहिली. "बरं, बाबा," एवढंच म्हणाली. महिन्याभरात दुसऱ्याच्या कारखान्यात नुसतं लाकूड घासायच्या कामाला लागली. अजून तिथेच आहे. स्वतःच्या हातावरचा तिचा विश्वास मी उडवला. मला याची लाज वाटते.

४. माझी गन भंगारात द्यावी. तिचा अर्धा रंग लाकडावर, अर्धा हवेत. ती हवा माझ्या छातीत आहे. मुलीने मास्क लावल्याशिवाय गनला हात लावू नये. ही अट नाही, विनवणी आहे.

ठिकाण: वर्कशॉप. बारा मार्च, गुरुवार.

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर. सही केली. शेरा: इसम शुद्धीत आहे, उठबस फार करतो.

साक्षीदार दुसरा: शेजारचा सुतार. चष्मा लावून सगळं वाचलं आणि पेन परत दिलं. "मेल्यावर माफी मागतोस होय रे? पोरगी चार गल्ल्या पलीकडे राहते. आधी तोंडाने सांगून ये, मग करतो सही."

दुसऱ्या सहीशिवाय हा कागद कवडीमोलाचा. चपला घालतोय.