जितकी दाबाल तितकी ढिली

ती. मामांस साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे जिवंत आहोत हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तुम्हाला बसून वाचता येईल. तुमचा रक्तदाब कसा आहे? (बरा असेल तर तसाच राहू द्या.)

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून ही चिठ्ठी आपल्या रोलर चालवणाऱ्या गोलमटोल भोपळ्याबरोबर पाठवतोय. रोलर सोडून आलास कसा, म्हणून त्याच्यावर ओरडू नका. रोलर आता जागचा हलू नये यासाठी आम्हीच देव पाण्यात घातलेत.

तुम्ही सांगून गेलात, घरामागच्या उतारावरची जागा फरशीसाठी दाबून टणक करा, मऊ लागली की आणखी एक फेरी. माती तपासणाऱ्या बाई कानीकपाळी ओरडून गेल्या होत्या, की ही ज्वालामुखीच्या राखेची माती. उचलायला हलकी, पण पोटात पाणी किती धरलंय ते वरून कळायचं नाही. कोरडी दिसते, चिमटीत चोळली की बोटं ओली. हलवाल तितकी ढिली पडते, स्वस्थ सोडली की आपली आपण घट्ट होते. मामीचंही तेच म्हणणं होतं. पण तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! (दगड असता तर बरं झालं असतं.) आम्ही रोलर फिरवला. मऊ लागली, पुन्हा फिरवला. मग जमीन लदलद हलली, रोलर एका अंगाला खचला आणि आता स्वयंपाकघराच्या भिंतीवर डोळा ठेवून तिरका उभा आहे. आम्ही चपला हातात घेऊन चालतोय. मला शिंक आली की मी रस्त्यावर पळतो.

आणि आत मामी. कुणाचं ऐकेल तर शपथ. "त्यांनी इथं येऊन म्हणावं, तुझं बरोबर होतं. मग उठते," म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. भिंतीला तडा गेलाय. मामा, मला फार भीती वाटतेय.

तुमचा आज्ञाधारक (तीच तर चूक झाली) भाचा

ता. क. तेव्हा ताबडतोब या. गाडी कोपऱ्यावरच ठेवा आणि चालत या. रागानं पाय आपटत नको.

आणखी एक. भोपळा निघता निघता मामी बाहेर आली. माझा जीव भांड्यात पडला. स्वतःची चप्पलसुद्धा घातली नाही, हातात फक्त तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी. तुम्ही भांडून गेलात तेव्हा ती फळीवरच राहिली होती. सोबत पाठवलीय. आधी गोळी घ्या, मग ते एक वाक्य पाठ करत या. मामी फाटकाशी बसली आहे.