पत्रिकेत न छापलेलं आडनाव

अण्णा,

तुमच्यावरचा तेहतीस वर्षांचा राग परवा सीबीएसच्या स्टँडवर उतरला, आणि उतरल्यावर मला काही बरं वाटलं नाही. म्हणून लिहायला बसलेय.

रविवार कारंजामागच्या छापखान्यात तुम्ही शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचात. निम्म्या नाशिकच्या लग्नपत्रिका तुमच्या हातून गेल्या. मी जातीबाहेर लग्न करतेय हे कळल्यावर तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत, आणि पाचव्या दिवशी ताटावरून उठता उठता म्हणालात, "कर. पण पत्रिका मी जुळवणार." केवढा आनंद झाला होता मला. मग प्रूफ हातात आलं. आपलं आडनाव ठळक, आणि नवऱ्या मुलाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, पुढे काहीच नाही. "आडनाव कुठंय, अण्णा?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "जागा पुरली नाही." जागा म्हणे! खाली सगळ्या मामांची नावं ऐसपैस बसली होती. आडनाव वाचलं की जात कळणार, एवढीच भीती होती तुम्हाला. मी तुम्हाला भेकड म्हणाले. लग्नात तुम्ही उभे होतात, अक्षता टाकल्यात, पण मी ते मनातून काढलं नाही, आणि चार वर्षांत तुम्ही गेलातही.

माझ्या लेकीला हा किस्सा मी शंभर वेळा तरी सांगितला असेल. दर वेळी मी शूर आणि तुम्ही घाबरट. तीच लेक आता पुण्यात नोकरी करते आणि एका मुलाबरोबर राहते. लग्न करायचं नाही म्हणते. आत्ता नाही असं नव्हे, नाहीच. ऑफिसात जातीपातीवरून कुणाशीही भांडणारी बाई मी, पण हे ऐकून तिच्या मागेच लागले. "अगं, निदान रजिस्टर तरी करा," म्हटलं. तर म्हणते, "आई, तुला ती सही कुणासाठी हवीय, आमच्यासाठी की शेजारच्या काकूंसाठी?" तिचं मला अजूनही पटलेलं नाही, तुमच्यापाशी लपवून काय करू. मुलगा मात्र गुणी आहे, घरी आला की जेवणानंतरची भांडी घासूनच जातो.

गेल्या आठवड्यात देवळ्याहून आत्या डोळे दाखवायला आली होती. लेकही सुट्टीला आलेली. तुमच्या बहिणीचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे, पहिला घास तोंडात जायच्या आत तिनं विचारलं, "पोर पुण्यात कोणासंगं राहते गं?" मी भाजी वाढत होते. हात न थांबवता म्हणाले, "मैत्रीण आहे एक." लेक खाली मान घालून जेवली. नंतर ओट्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "जागा पुरली नाही का, आई?"

मी तिच्याकडे बघू शकले नाही, अण्णा.

परवा आत्याला बसमध्ये बसवायला गेले. गाडीला वेळ होता. न राहवून मी तुमच्या त्या पत्रिकेचा विषय काढला. ती म्हणाली, "अगं, तुझा बाप ती पत्रिका घेऊन घरोघरी फिरला. कुंकू लावून हातात द्यायचा, चहा यायचा, आन् मग आडनाव सांगायचा, जातबी सांगायचा. आमच्या ओसरीवर म्हणला, छापलं असतं तर तुम्ही दारातूनच वाटेला लावलं असतं. आता कप हातात हाय, तर ऐकून घ्या." दोन घरांनी पत्रिका परत केली म्हणे. ती तुम्ही खिशात घालून पुढच्या घरी गेलात. हे मला का नाही सांगितलंत? मी ऐकून घेतलं असतं की नाही, देव जाणे.

आत्या खिडकीत बसली होती, मी खाली उभी. लेकीचं खरं सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा यायची नाही. तोंड उघडलं आणि म्हणाले, "पोचल्यावर फोन कर." गाडी गेली.

लेक रविवारी पुण्याला परत जाईल. त्याआधी आत्याला फोन करायचा, असं ठरवलंय. आता हे पत्र पहिल्यापासून वाचून पाहिलं, अण्णा. पुण्यातल्या त्या मुलाचं नाव मी यातही कुठे लिहिलेलं नाही, आणि कागद अजून अर्धा कोरा आहे.