फरशीखालचा जोड

विष्णुपुरी, नांदेड
६ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
बुद्धप्रियाचा सविनय जयभीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही लावत नाही, म्हणून हे पत्र. नागसेनची कंबर सकाळी लाकडासारखी होते. शॉवरखाली पाच मिनिटंही उभं राहवत नाही. डॉक्टरांनी रोज वीस मिनिटं कोमट पाण्यात पडून राहायला सांगितलंय, म्हणून खालच्या बाथरूममधला शॉवर काढून तिथं टब बसवून राहिलोत.

टबाचं पाणी जिथून उतरतं ती जागा आधीच्या, जाळीखालच्या नहाणी ट्रॅपपासून दोन फूट लांब येते. तेव्हा फरशी आणि खालचं काँक्रीट फोडावं लागेल. ती लाइन अकरा वर्षांपूर्वी तुम्हीच टाकली. पण तुमचा गुडघा बदलून चारच महिने झालेत, उकिडवं बसायची मनाई आहे. नायगावचे आनंदराज मिस्त्री बोलावलेत. काम फार सफाईदार आहे. रागावू नका. आईला जयभीम.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची बुद्धप्रिया

लातूर
११ जानेवारी

चि. बुद्धप्रियास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी रागावलो न्हाई. तुझी आई म्हणते रागावलोय, पण तिचं सोड. चाळीस वर्षं मी या शहरात नळ जोडले. स्वतःच्या लेकीच्या घरात दुसरा मिस्त्री येतो हे पत्रातून कळावं, एवढंच मनाला लागलं.

त्याला विचार, ढाळ किती देणार आणि ट्रॅप किती खोल बसवणार. टब बसला की खाली हात जात न्हाई, म्हणून विचारतो. मी विचारलं असं सांगू नको. खिडकीच्या भिंतीपासून सव्वा फुटावर माझा पाइप हाय. त्याच्याजवळ ब्रेकर चालवू देऊ नको. जमलं तर तिकडं फोडूच देऊ नको.

वय काय त्याचं? गुडघे धड हायत का? दुपारी जेवायला तुझ्याकडंच असतो का?

नागसेनरावांनी कंबर सांभाळावी. ख्यालीखुशाली लिहीत जा.
बाबा

विष्णुपुरी
१९ जानेवारी

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

मिस्त्रींचं वय बावन्न. गुडघे धड आहेत. जेवायला आमच्याकडंच असतात आणि अंबाडीची भाजी दोनदा मागून घेतात. हे वाचून तुम्ही पत्र बाजूला ठेवाल, तर तेवढं करू नका. ढाळ फुटाला पाव इंच देणार आहेत. तुमचे प्रश्न मी माझे म्हणून विचारले, तर हसून म्हणाले की हे प्रश्न मिस्त्रीच्या घरातले दिसतात.

काल काँक्रीट फोडलं. खालचा मुरूम ओला होता, एका जागी तर हात जाईल एवढी पोकळी झाली होती. खिडकीच्या बाजूला पाइपाला एक जोड निघाला. दोन पाइप जोडणारं सॉकेट नाही, पाइप तापवून एकात एक नुसता दाबलेला. कितीतरी वर्षं तिथून झिरपत असेल. नागसेननं विचारलं, असं कुणी केलं. मिस्त्री म्हणाले की जुना पाइप आहे, जमीन खचली की असं होतं. आणि त्यांनी त्यावर पोतं टाकलं.

पण मी तुमची लेक आहे, मला जोड कळतो. बाबा, असा जोड तुम्ही कधी करत नाही. त्या दिवशी दुसरं कुणी हाताखाली होतं का?

मला खरं तेच लिहा.
बुद्धप्रिया

लातूर
२५ जानेवारी

चि. बुद्धप्रियास,
आशीर्वाद.

दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात लिहिलं होतं की त्या नायगाववाल्यानंच ब्रेकरनं जोड हलवला असेल. तसं न्हाई. जोड माझा हाय.

त्या दिवशी काँक्रीटचं मिक्सर दारात येऊन उभं होतं. पाइप वीतभर कमी पडला, सॉकेट संपलेलं, दुकान बंद. एक दिवस थांबा म्हणायला पाहिजे होतं. पण सकाळीच मी गवंड्यासमोर बढाई मारली होती की या रामकिशनमुळं कुणाचं काम अडत न्हाई. मग कागद पेटवून पाइप तापवला आन् दुसरा तुकडा त्यात दाबला. पाणी भरून बघितलंसुद्धा न्हाई. अकरा वर्षं तुझ्याकडं आलो की आधी त्या फरशीवर पाय दाबून बघायचो.

त्या माणसाचा मला पहिल्यापासून हेवा वाटला. त्याचे गुडघे, त्याचं काम, तुझ्या हातचं जेवण, सगळ्याचा. पण त्यानं जोडावर पोतं टाकलं त्याचा लई वाटला. त्याच्या जागी मी असतो तर चार माणसं बोलावून दाखवलं असतं.

नागसेनरावांना तूच सांग. मला जमणार न्हाई.
बाबा

विष्णुपुरी
३० जानेवारी

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

पत्र नागसेनला वाचून दाखवलं. तो म्हणाला की त्या खिडकीच्या भिंतीचा रंग दरवर्षी सुटायचा आणि आपण बिचाऱ्या रंगवाल्याला बोलत होतो. मग हसला, तेव्हा मला रडू आलं.

नवी लाइन टाकून झाली आहे, पण मिस्त्रींनी काँक्रीट थांबवलंय. म्हणतात, लाइनीचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवतो, पण गळत नाही हे तुमच्या बाबांनी सांगितल्याशिवाय मी बुजवणार नाही. बाथरूमच्या दारात खुर्ची ठेवलीय. रविवारी आईला घेऊन बसनं या.

वाट बघायला लावू नका.
बुद्धप्रिया

लातूर
९ फेब्रुवारी

चि. बुद्धप्रियास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तिथं सगळ्यांपुढं बोललो न्हाई ते लिहितो. दोन तास खुर्चीवर बसून मी त्या पाण्याकडं बघत होतो. सूतभर उतरलं न्हाई. आन् मला वाटून राहिलं होतं की थोडं तरी उतरावं. लेकीच्या घरात पाणी गळावं असं बापाला वाटलं. उठून काँक्रीट टाका म्हणालो, तेव्हा आनंदराजांनी मला उस्ताद म्हटलं. मला ते ऐकवलं न्हाई, म्हणून मी ऐकू आलं न्हाई असं दाखवलं.

त्यांचं काम माझ्यापेक्षा सरस हाय. नागसेनराव टबात पडल्या पडल्या झोपले असं कळलं. बरं वाटलं.

काल माझं तीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक आलं होतं. मुलगा नांदेडला घर बांधून राहिलाय, चांगला मिस्त्री सांगा म्हणाले. मी आनंदराजांचा नंबर दिला. देताना एक आकडा चुकीचा सांगितला. ते फाटकापर्यंत गेले, तेव्हा हाक मारून परत बोलावलं आन् नीट लिहून दिला.

बापावर जीव असू दे.
बाबा