आत्याबाईंचा उजेड

प्रिय ठमाबाई,

बाबांनी फोन सोडून पत्र का लिहिलं म्हणून तू पाकीट उलटसुलट करून बघशील. फोन सदा आईच्या हाताशी असतो आणि तिचे कान किती तिखट आहेत हे तुला सांगायला नको. शिवाय मी दमलोय गं. दिवसभर औषधाच्या दुकानात उभं राहायचं आणि घरी आलं की स्टुलावर चढून काचेच्या टाकीवर टांगलेलं दिव्यांचं झाकण उतरवायचं, हे आता या गुडघ्यांना झेपत नाही. जेवणाच्या सुट्टीत, दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यावर कागद ठेवून लिहितोय. अक्षर लागलं नाही तर डॉक्टरांची चिठ्ठी समजून वाच.

आधी टाकीची खबर देतो. आत्याबाई जिवंत आहेत. कुणी काचेवर नुसतं बोट टेकवलं तरी रुसून मिटून बसणारं ते हिरवं प्रवाळ तूच हट्टाने निवडलंस, आत्याबाई हे नाव तूच ठेवलंस आणि नोकरीसाठी निघून गेलीस. खारं पाणी कालवायचं मी, मीठ मोजायचं मी, आणि कौतुक मात्र मायलेकींचं! आई अजूनही रोज सकाळी चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसते आणि मला कामं सांगते.

काही महिन्यांपूर्वी ती म्हणायला लागली की टाकीत अंधार वाटतो. मला तर झाकणातल्या चारही ट्यूब ठणठणीत दिसत होत्या. पण तुझ्या आईच्या नजरेशी वाद कोण घालणार? रंगाच्या कारखान्यात जन्मभर नमुने जुळवलेली बाई ती. दोन पिवळ्यांतला जो फरक यंत्राला कळायचा नाही, तो ती डबा खिडकीशी नेऊन सांगायची. माझ्या शर्टाला वेगळ्या पांढऱ्याचं बटण लागलं तर अजून तिला जेवण गोड लागत नाही. टाकीचं सामान देणाऱ्या मासेवाल्या दुकानदारानेही तिचीच री ओढली. ट्यूब जुनी झाली की पेटलेली दिसते, पण प्रवाळाला हवा तो उजेड तिच्यातून कधीच गेलेला असतो, आणि उजेड हेच त्यांचं अर्धं जेवण. मग आणल्या नव्या ट्यूब, दोन पांढऱ्या, दोन निळ्या.

आई म्हणाली, अजून अंधारच आहे. झाकणाखालच्या काचेवर मिठाचा थर साचला होता, तो व्हिनेगर लावून घासला. झाकणाला आतून नुसता पांढरा रंग होता, अर्धा उजेड वरच्यावर वाया जायचा, म्हणून प्रत्येक ट्यूबच्या मागे चकचकीत रिफ्लेक्टर बसवला. स्टुलावर हात वर करून स्क्रू पिळता पिळता मानेचा पार काटा ढिला झाला. तरी तिचं आपलं तेच, झाकण जरा खाली घे ना, अजून थोडं. घेतलं खाली. खरं तर ट्यूब एकेक करून बदलायची, मध्ये आठवडे जाऊ द्यायचे, उजेड आधी दूर ठेवून हळूहळू जवळ आणायचा, हे मला तिनेच शिकवलं होतं. मी आठवण करून दिली तर माझ्यावरच उखडली, की तू नेहमीच आळशी. तिचं सुख म्हणून एकदम सगळं केलं.

व्हायचं तेच झालं. आत्याबाई कडेने पांढऱ्या पडायला लागल्या. दुकानदाराला घरी बोलावलं तर दारातच डोळ्यांवर आडवा हात धरून म्हणाला, काका, इथे गॉगल लावून बसायचं का? त्याने टाकी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. त्याच्या सांगण्यावरून मी दोन ट्यूब बंद केल्या आणि झाकण पुन्हा वर टांगलं. आई तेव्हा शेजारी गेली होती. ती आल्यावर मी जीव मुठीत धरून उभा राहिलो. ती खुर्चीत बसली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, बघ, आता कसं बरं वाटतंय, उगाच आळस करत होतास.

बटणातला पांढरा ओळखणाऱ्या बाईला अर्धा उजेड गेलेला कळला नाही. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मग एकेक आठवायला लागलं. दाराच्या चौकटीला तिचा खांदा लागायचा आणि ती चौकटीलाच शिव्या द्यायची. तिपाईला ठेच लागली की तिपाई मी सरकवली म्हणून माझा उद्धार व्हायचा. चहा कपाच्या बाहेर सांडला की किटलीची चोच वाकडी. मी हसायचो, ठमे. शेजारीपाजारी सांगत सुटायचो की बाईसाहेब म्हाताऱ्या झाल्या.

परवा तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. कडेकडेचं बरंच गेलंय आणि जे गेलं ते परत येत नाही. उरलेलं टिकावं म्हणून थेंब दिलेत, ते मी वेळेवर घालतो. पण किती टिकेल याची हमी त्यांनी दिली नाही, आणि औषधाच्या दुकानात उभं राहून मला त्या गप्प बसण्याचा अर्थ कळतो. मला फार भीती वाटते.

घरी परत आल्यावर जिन्यात माझा दंड धरून आईने विचारलं, खरं सांग, ट्यूब किती चालू आहेत? मी म्हटलं, दोन. ती म्हणाली, म्हणजे आत्याबाईंना उजेड पुरेसा होता, बरं झालं, त्या वाचतील. मग दोन पायऱ्या चढून वळली आणि मला बजावलं, की ठमीला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही, ती हातातलं सगळं टाकून धावत येईल.

म्हणून हे पत्र. हातातलं सगळं टाकून धावत ये. पुढच्या सुट्टीत वगैरे नको. मी कळवलं म्हणून ती माझ्यावर चिडेल, ते मी बघून घेईन. आणि आलीस की नेहमीसारखी तिच्या शेजारी लोळत पडू नकोस. टाकीच्या बाजूला खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बैस. समोरचं तिला अजून स्वच्छ दिसतं.

तुझी वाट बघणारा, तुझाच,
बाबा